कोणत्या सालचं चर्च बांधायचं?

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या किल्ल्याचा बुरूज ढासळतो, त्याचा व्हिडिओ फिरतो आणि तीच वादावादी नव्याने पेटते. एक बाजू म्हणते, पडझड बघत काय बसलात, होतं तसं पुन्हा बांधून काढा. दुसरी म्हणते, दगडालाही हात लावू नका. मग दोघेही युरोपचा दाखला काढतात. ‘इंग्रजांनी आपली पडकी गावंसुद्धा कशी जपली बघा’ हे वाक्य दोन्हीकडून सारख्याच आवेशाने येतं, आणि दोन्हीकडून अर्धवट येतं. त्या पडक्या गावांत नेमकं काय केलं, काय मुद्दाम केलं नाही आणि काय चुकलं, याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. म्हणून अशाच एका गावाची आणि त्याच्या चर्चची गोष्ट जरा नीट बघू. बाजू मात्र आधीच सांगून टाकलेली बरी. ज्या वास्तूत आज कोणी राहत नाही, पूजा-प्रार्थना करत नाही, ती त्याच जागी, त्याच पायावर पुन्हा बांधू नये. बांधायची हौस असेल तर शेजारच्या शेतात बांधावी. आणि ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनीही हे ओळखावं की अवशेष अवशेष म्हणून टिकवणं हे सतत करायचं, खर्चाचं आणि चिखलात हात घालायचं काम आहे.

गाव आहे उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी. खडूच्या दगडाच्या बुटक्या, गोलसर टेकड्या, मधे एक अरुंद दरी, दरीच्या कडेला वरच्या सपाटीवर गावाची जागा आणि खाली झऱ्याच्या पाण्याजवळ सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च. गाडी लावल्यावर पाऊण मैल चालावं लागतं. पोचल्यावर काय दिसतं? चर्चच्या भिंती, अर्धा मनोरा, एक तळं, अलीकडच्या शतकातली थोडी मजुरांची घरं आणि बाकी सगळं गवत. त्या गवताला चढउतार आहेत. भर दुपारी ते कळत नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की एकेका घराचं जोतं, परड्याचा बांध, मधून गेलेली खोलगट वाट असा अख्ख्या गावाचा नकाशा जमिनीतून वर येतो. इंग्लंडमध्ये मध्ययुगात उजाड झालेली अशी सुमारे ३,००० गावं आहेत. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झाला तो याच गावाचा.

१९४८ मध्ये लीड्स विद्यापीठातले आर्थिक इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड इथे पोचले. जुन्या करवसुलीच्या याद्या, हवाई छायाचित्रं आणि प्रत्यक्ष पायपीट यांचा मेळ घालून हरवलेली गावं हुडकून काढणं हा त्यांचा उद्योग. १९५० पासून त्यांनी इथे खणायला सुरुवात केली. पुढे जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे, बहुतांशी हौशी स्वयंसेवकांच्या हातांनी, हे काम चालवलं. चाळीस वर्षं! त्याचे अहवाल छापून संपायला २०१२ साल उजाडलं, तेरा खंड झाले. आणि तरी गावाचा बराच मोठा भाग अजून गवताखाली आहे, मुद्दाम ठेवलेला. ‘दोन वर्षांत प्रकल्प पूर्ण’ अशा घोषणा ऐकायची सवय असलेल्यांनी हे आकडे मनात ठेवावेत.

आता चर्चकडे येऊ. १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षं त्याची आतली जमीन, बाहेरची जमीन आणि आवाराचा काही भाग खणला गेला. सर्वांत खाली खांबांचे खळगे मिळाले, बहुधा एका छोट्या लाकडी चर्चचे. त्यावर सॅक्सन काळाच्या (१०६६ आधीच्या इंग्लंडच्या) अखेरचं लहानसं दगडी चर्च. मग बाराव्या-तेराव्या शतकांत गाव भरभराटीला आलं तसं ते वाढलं. पश्चिमेला मनोरा आला, पूर्वेकडे गाभाऱ्यासारखा जो भाग असतो तो लांबला, मुख्य दालनाच्या भिंती फोडून कमानी काढल्या आणि बाहेरच्या बाजूने आणखी दालनं जोडली. आपल्याकडे देवळाला आधी सभामंडप, मग ओवऱ्या, मग नगारखाना येतो, तसंच. पुढे गंमत उलटी झाली. गाव आटलं तसं चर्चही आटलं. बाजूची दालनं पाडली, कमानी दगडांनी बुजवल्या, पूर्वेकडचा भाग आखूड केला. आज त्या भिंतीसमोर उभं राहिलं की बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात. कमानीचा घडीव दगड एका जातीचा, पोटात भरलेला दगड ओबडधोबड. घडाई कोणाची आणि भर कोणाची हे सांगायला पाटी लागत नाही. गावाची शिरगणती त्या भिंतीवर लिहिलेली आहे म्हणा ना.

आता ‘होतं तसं बांधा’ म्हणणाऱ्यांना एकच साधा प्रश्न: कोणत्या सालचं? तेराव्या शतकातलं भरलेलं, दोन्ही बाजूंना दालनं असलेलं चर्च बांधायचं तर बुजवलेल्या कमानी फोडाव्या लागतील, म्हणजे गाव आटल्याचा पुरावा काढून टाकावा लागेल. सोळाव्या शतकातलं बांधायचं तर भरभराटीचा काळ खोटा पडतो. सॅक्सन चर्च बांधायचं तर त्यानंतरच्या सगळ्याच भिंती पाडाव्या लागतील. ‘मूळ’ हा शब्द या वादात फार उधळला जातो. मूळ म्हणजे कुठलं मूळ? या गावाच्या खाली सॅक्सन वस्ती आहे, तिच्याखाली रोमन काळातली शेतं आणि वस्ती आहे, त्याही खाली लोहयुगातल्या खुणा आहेत. पुनर्बांधणी करणारा माणूस या सगळ्यांतून एक साल निवडतो आणि बाकीच्यांवर वरवंटा फिरवतो. ते साल नेहमी वैभवाचंच निघतं. दुष्काळाच्या, ओहोटीच्या, चुकीच्या निर्णयांच्या सालातलं गाव पुन्हा उभारायला कोण पैसे देणार?

हे साल निवडणं किती अंगाशी येतं, याचं उदाहरण चर्चपेक्षा शेतकऱ्यांच्या घरांत जास्त चांगलं सापडतं. खणताना हर्स्ट यांना एकेका परड्यात भिंतींच्या पायांचे थरावर थर दिसले, थोडे सरकलेले, थोडे फिरलेले. त्यावरून निष्कर्ष निघाला की मध्ययुगीन शेतकऱ्याची घरं तकलादू असत, एका पिढीत मोडकळीला येत आणि पुढची पिढी नव्याने बांधी. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच चाललं. मग १९८० च्या दशकात स्टुअर्ट रॅथमेल यांनी तेच नकाशे पुन्हा काढून बसून पाहिले. त्यांना नकाशांतच ठरावीक अंतरावर बसवलेले सपाट दगड दिसले. आपल्या वाड्यातला तळखडा आठवा, तोच प्रकार. त्या दगडांवर मोठ्या वाकड्या लाकडांच्या जोड्या उभ्या असत. एकाच झाडाचा वळणदार बुंधा उभा चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर ठेवायचे आणि टोकं वर आढ्याशी जुळवायची. छपराचा सगळा भार या जोड्यांवर. भिंत म्हणजे नुसता आडोसा. ती दर काही वर्षांनी भिजून, फुगून पडली तरी घर उभंच. पुन्हा चार दगड रचायचे, माती लिंपायची, काम झालं. म्हणजे वारंवार बांधल्या गेल्या त्या भिंती, घरं टिकली पिढ्यान्पिढ्या. देशावरच्या जुन्या वाड्यात राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे दोन मिनिटांत पटलं असतं: घर खांबांवर उभं असतं, भिंतीवर नाही.

आता कल्पना करा, १९६५ च्या सुमारास कोणाच्या तरी डोक्यात आलं असतं की पर्यटकांना गवत काय दाखवायचं, घरंच बांधू. काय बांधलं असतं? काटक्यांच्या झोपड्या. त्यासाठी पाया खणताना ते सपाट दगड ‘अडचण’ म्हणून उचलून बाजूला टाकले असते. आणि वीस-पंचवीस वर्षांनी रॅथमेल यांना पुन्हा बघायला जागेवर काय उरलं असतं? चूक कागदावर असली की खोडता येते. तीच चूक जागेवर सिमेंटने पक्की केली की तिला पर्यटन खात्याची पाटी लागते, शाळेच्या सहली येतात आणि मग ती सहजासहजी हलत नाही.

गाव का मेलं, या प्रश्नाचंही असंच झालं आहे. लोकांना प्लेग हवा असतो. १३४९ ची काळी साथ आली, सगळे मेले, गाव ओस पडलं. एका वाक्यात संपणारी गोष्ट. कागद वेगळंच सांगतात. साथीच्या आधीच, १३२३ च्या नोंदीत, गावाची दोन तृतीयांश जमीन पडीक होती. साथीने तडाखा दिला, गावचा जमीनदारही १३४९ मध्येच गेला. पण १३६८ मध्ये गावात सुमारे तीस घरं नांदती होती. १४५८ मध्ये सोळा. आणि शेवट झाला तो १५०० च्या आसपास, हिल्टन घराण्यातल्या जमीनदाराने उरलेली कुळं उठवून सगळी जमीन मेंढ्यांच्या कुरणाला दिली तेव्हा. १५१७ मध्ये सरकारी चौकशी झाली, तिच्यात चार नांगर बसले आणि चार घरं पडली अशी नोंद आहे. लोकरीला भाव होता, धान्याला नव्हता, आणि मेंढ्यांच्या कळपाला एक मेंढपाळ पुरतो. रोगाने अशक्त झालेलं गाव हिशेबाने मारलं. यात प्लेगला खलनायक करणं सोयीचं पडतं, कारण प्लेगवर कोणाचं नाव नसतं.

गाव गेल्यावर चर्च मात्र साडेचारशे वर्षं चालू राहिलं. कारण ते एका गावाचं नव्हतंच. थिक्सेनडेलसारखी आसपासची गावं आणि वाड्याही त्याच्याच हद्दीत, तिथली माणसं टेकड्या तुडवत इथे प्रार्थनेला आणि दफनाला येत. १८७० मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च झालं आणि इथली वर्दळ संपली. १९४९ मध्ये इथे शेवटची प्रार्थना झाली. पुढच्या दहा वर्षांत छपराची वाताहत झाली, आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला.

हा क्रम पुनर्बांधणीवाल्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. आठशे-नऊशे वर्षं टिकलेली इमारत माणसांचा वावर थांबल्यावर दहा वर्षांत मोडली. छप्पर हेच सर्वांत चांगलं संवर्धन. गळकं कौल ज्या दिवशी बदलायचं राहून जातं, त्या दिवशी अवशेषाचा जन्म होतो. १९४९ मध्ये कोणी ते छप्पर राखलं असतं तर फारच उत्तम झालं असतं. पण हा दाखला ‘वापरातली इमारत वेळेवर दुरुस्त करा’ यासाठी आहे. मोडून बसलेल्या इमारतीवर सत्तर वर्षांनी नवं छप्पर चढवायचं तर आधी भिंती वाढवाव्या लागतात, त्या पेलायला पाया खणावा लागतो, आणि चर्चच्या आवारात पाया खणणं म्हणजे कोणाच्या तरी थडग्यातून चर काढणं. इथे ही अलंकारिक भाषा नाही. या आवारातून जवळपास ७०० सांगाडे निघाले आहेत.

त्या सांगाड्यांनी काय सांगितलं ते बघा. तान्ह्या बाळाच्या हाडातल्या नायट्रोजनच्या जड प्रकाराचं प्रमाण अंगावर पीत असताना वाढतं आणि दूध सुटलं की उतरतं. वेगवेगळ्या वयाच्या बाळांची हाडं तपासून कळलं की या गावातल्या बाया साधारण दीड वर्षापर्यंत मुलांना अंगावर पाजत. मुलांच्या हाडांची लांबी मोजून कळलं की त्यांची वाढ आजच्या मुलांपेक्षा बरीच मागे असायची. कुठल्याही राजाच्या दप्तरात ही माहिती नव्हती, नसतेच. आणखी एक उदाहरण. १९६० च्या दशकात चर्चच्या आवाराबाहेर, घरांच्या मधल्या एका खड्ड्यात, किमान दहा माणसांची मोडलेली, जळलेली हाडं मिळाली होती. १३७ तुकडे. ती तशीच पेटीत राहिली. २०१७ मध्ये त्यांचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा कालमापनाने ती अकराव्या ते चौदाव्या शतकांतली निघाली, आणि डोक्या-मानेच्या हाडांवर सुरीच्या खुणा दिसल्या. मेलेला माणूस उठून गावाला त्रास देईल या भीतीने प्रेतं तोडून जाळली असावीत, हा अभ्यासकांना सर्वांत पटलेला अर्थ. उपासमारीत माणूस माणसाला खाल्ल्याची शक्यताही त्यांनी तपासली, पण खुणांच्या जागा तिच्याशी जुळत नाहीत. वर्तमानपत्रांनी ‘भुतांचं गाव’ म्हणून मथळे सजवले, ते सोडा. मुद्दा असा की पन्नास वर्षं पेटीत पडलेल्या हाडांना बोलतं करणारी साधनं नंतर आली. आज जमिनीत शिल्लक आहे त्याच्यासाठीची साधनं अजून यायची आहेत.

हे वाचून कोणी म्हणेल, इंग्लंडचं इंग्लंडला. जुन्या गोव्यात या. सेंट ऑगस्टिनचा तो ४६ मीटर उंचीचा एकांडा मनोरा सगळ्यांनी पाहिलेला असतो. १८३५ मध्ये तिथला मठ सुटला, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये मनोऱ्याचाही भाग पडला. ढिगारा तसाच राहिला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तो ढिगारा धीराने उपसला तेव्हा जुन्या पोर्तुगीज लेखी पुराव्यांच्या आधाराने एक हाड सापडलं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ते १६२४ मध्ये शिराझमध्ये ठार झालेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचं असल्याचा निर्वाळा मिळाला, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले. मधल्या काळात कोणी भाविकपणे ‘ढिगारा हटवून पूर्वीसारखं भव्य चर्च’ बांधायला घेतलं असतं तर? भरावाबरोबर ती राणी कुठल्या तरी रस्त्याखाली गेली असती.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: सामान्य माणसाला उंचवटे कळत नाहीत. खरंय. अभ्यासकाला जोतं दिसतं तिथे चार तास प्रवास करून आलेल्या कुटुंबाला गवत दिसतं, आणि पोरं म्हणतात, किल्ला कुठाय? या आक्षेपाकडे नाक मुरडून चालत नाही. कळत नाही त्याची कदर होत नाही आणि कदर नाही त्याला निधी नाही. व्हॅरममध्ये खणून झालेल्या घराचा आराखडा जमिनीवर दगडांनी आखून ठेवला आहे. त्यात उभं राहून दार कुठे, चूल कुठे, गुरांची बाजू कुठली हे पावलांनी मोजता येतं. एकाच लांबट घरात एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मधून आरपार वाट. गोठा घरालाच लागून असलेल्या आपल्या खेड्यांतल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. भिंती, छप्पर, धूर, वास हवा असेल तर त्याचाही रस्ता आहे. ससेक्समधल्या हँगलटन या अशाच उजाड गावात खणलेल्या तेराव्या शतकातल्या घराच्या आधाराने एक घर बांधलं, पण ते मूळ जागी बांधलं नाही, सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात बांधलं. उद्या चुकलं असं ठरलं तर पाडता येईल, पुराव्याला ओरखडा नाही. वेल्समधल्या कॉस्मेस्टनला याच्या उलट केलं, खणलेल्या पायांवरच १३५० च्या सुमाराचं गाव उभं केलं. बघायला सुरेख आहे, मुलं खूश होतात. पण १३५० च्या आधीचं आणि नंतरचं कॉस्मेस्टन आता त्या जोत्यांवर वाचता येत नाही.

माझ्या बाजूला टोचणारं एक उदाहरण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. सफोकमध्ये वेस्ट स्टो नावाच्या जागी अँग्लो-सॅक्सन वस्ती १९६५ ते १९७२ मध्ये खणली आणि त्याच जागेवर घरं बांधायला घेतली. तरी ते काम मोलाचं ठरलं. का? कारण बांधणाऱ्यांनी उत्तर ठरवून बांधलं नाही. जमिनीत मिळाले होते फक्त उथळ खड्डे आणि खांबांच्या खुणा. खड्डा हीच घराची जमीन होती, की खड्ड्यावर फळ्या टाकून जमीन केली होती, हा वाद. त्यांनी दोन्ही तऱ्हा बांधून पाहिल्या, कुठे ओल येते, काय कुजतं, किती वर्षांत, हे नोंदवलं. लाकडी घरं होती, ती मोडणार, जळणार, बदलणार हे धरूनच चालले. म्हणजे तिथे पुनर्बांधणी हा प्रयोग होता, स्मारक नव्हतं. आपल्याकडे एखाद्या प्रकल्पात ‘आम्ही दोन पर्याय बांधून बघतोय, दहा वर्षांनी एक पाडू’ असं कोणी जाहीर केलं, तर त्या दिवशी मी माझा विरोध मागे घ्यायला तयार आहे.

वॉर्साचा दाखलाही हमखास येतो. महायुद्धात जमीनदोस्त झालेलं जुनं शहर पोलिश लोकांनी विटेवर वीट ठेवून उभारलं आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानलं. बरोबर. पण तिथे युद्धाआधी घेतलेली मोजमापं होती, अठराव्या शतकातली बारकाईने काढलेली चित्रं होती, आणि मुख्य म्हणजे त्या गल्ल्यांत राहिलेली माणसं जिवंत होती, त्यांना परत तिथेच राहायचं होतं. ज्या वाड्याचा एकही मोजलेला नकाशा हाताशी नाही, त्याच्यासाठी वॉर्सा कशाला ओढायचं? वास्तूंच्या संवर्धनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत याची रेघ स्वच्छ मारली आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबतो.

जीर्णोद्धार हा शब्द आलाच आहे तर त्याचंही मानलं पाहिजे. आपल्या परंपरेत पडकं देऊळ उभं करणं हे पुण्यकर्म आहे, अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत तेच केलं, आणि ‘अवशेष पवित्र’ ही भावना आपली नव्हे, असा मुद्दा हुशार लोक मांडतात. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नांदत्या देवळाचं छप्पर बदलतं, मंडप वाढतो, रंग चढतो, कारण तिथे रोज दिवा लागतो आणि दिवा लावणाऱ्याला बदलाचा अधिकार आहे. सेंट मार्टिनचंही तेच झालं होतं. आठशे-नऊशे वर्षं तिथल्या लोकांनी आपलं चर्च हवं तसं वाढवलं, पाडलं, बुजवलं, कोणाला विचारलं नाही. तो त्यांचा हक्क होता. पण दिवा विझल्यावर, माणसं गेल्यावर, बाहेरच्या खात्याने किंवा देणगीदाराने येऊन त्यांच्या नावाने पुढची भर घालायची, याला जीर्णोद्धार म्हणायचं का? अहिल्याबाईंनी देवळं बांधली ती त्यांच्या काळाच्या घडणीची, पूजेसाठी. हजार वर्षांपूर्वीचं हुबेहूब केलंय असा दावा त्यांनी कुठे केला नाही.

आता ‘हात लावू नका’ वाल्यांकडे. बिनछपराची भिंत वरून मरते. पावसाचं पाणी माथ्यातून आत शिरतं, चुना धुपतो, हिवाळ्यात ते गोठून फुगतं आणि दगड सुटतात. आपल्याकडे गोठण्याचं काम पिंपळ करतो. उपाय घाईचा केला की सिमेंट येतं. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाण्याला बंद. आत गेलेलं पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून पडतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. दहा वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधला दगड खड्ड्यात, हे दृश्य आपल्या कुठल्याही गडावर बघायला मिळेल. दरजा चुन्यानेच भरायच्या. आधी सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जुना भुगा खरवडायचा, पाण्याने भिजवायचं, थराथराने भरायचं, वर ओलं गोणपाट आठवडाभर तरी ठेवायचं. इंग्लंडात कडाक्याच्या थंडीत हे काम करत नाहीत, आपल्याकडे वैशाखाच्या उन्हात करू नये. चुना एकदम सुकला की त्याची भुकटी होते. भिंतीच्या माथ्यावर माती आणि त्यावर गवताची गादी अंथरण्याची पद्धत आता तिकडे रुळली आहे. गवत पाणी धरतं, ऊन-थंडीचा फटका खातं आणि भिंत वाचते. वेली उपटायच्या नाहीत. बुंध्याशी कापून जागच्या जागी वाळू द्यायच्या, नाहीतर मुळाबरोबर दगडही हातात येतो.

उंचवट्यांचं राखणं आणखी वेगळं. गवत वाढू दिलं की झुडपं येतात, झुडपांची मुळं थर फोडतात, सशांची बिळं त्याहून वाईट. नांगर तर एका हंगामात जोतं पुसतो. म्हणून गवत आखूड हवं, आणि ते आखूड ठेवायला सर्वांत स्वस्त जनावर मेंढी. मेंढी हलकी, खूर जमिनीत रुतत नाही. ओल्या जमिनीत जड गुरं मात्र बांधांच्या कडा तुडवतात. ज्या जनावरासाठी हे गाव उठवलं, तेच अशी जोती सांभाळायला कामाचं. तेव्हा ‘काहीही करू नका’ असं कोणी म्हटलं की त्याला विचारायचं, चरायला कोण सोडणार, आणि पुढच्या पंचवीस वर्षांची मजुरी कुठल्या खात्यातून?

आणि उत्खनन तरी निर्दोष कुठे आहे? खणणं म्हणजे पान वाचून फाडणं. बेरेसफर्ड यांनी पहिल्या वर्षांत भिंतीच्या कडेकडेने चर काढत घरं शोधली, त्यात भिंतीचा आतल्या जमिनीशी असलेला संबंध तुटला. मॉर्टिमर व्हीलर यांनी भारतात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना जी चौकोनी खड्ड्यांची पद्धत रुजवली, तीही अशा घरांना जड गेली असती. वीतभर जाडीचे, विस्कटलेले अवशेष दहा फुटी चौकोनात मावत नाहीत, मधल्या न खणलेल्या पट्टीखाली नेमका दरवाजा जातो. म्हणून डॅनिश पद्धतीने सगळं परडं एकदम उघडून, प्रत्येक दगडाची जागा टिपत काम करायला इथे लवकर सुरुवात झाली. रॅथमेल यांना ते तळखडे तीस वर्षांनी कागदावर सापडले, ते या टिपण्यामुळे.

आपला वाद किल्ल्यांवरच अडकतो, याचं कारण उघड आहे: किल्ल्याला राजा असतो. पण महसुली कागदांत ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावं आपल्याकडेही आहेत. बेचिराख, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. शिवार शेजारच्या गावाला जोडलेलं, नाव नकाशात शिल्लक, आणि शिवारात कुठेतरी पांढरीचं टेकाड. काळी कसायची, पांढरी राहायची, हा भेद ज्या भाषेत आहे, तिला जुनी वस्ती कुठे होती हे वेगळं शिकवावं लागत नाही. डेक्कन कॉलेजने इनामगावला याच वाटेने जाऊन शेतकऱ्यांची हजारो वर्षांपूर्वीची घरं, चुली, बळदं उजेडात आणली. बाकीच्या टेकाडांवर पुनर्बांधणीचा धोका नाही, कारण तिथे काही बांधावं असं कोणाच्या मनातही येत नाही. तिथली माती खत म्हणून चांगली. उन्हाळ्यात जेसीबी लागतो, ट्रॉली भरते, खापरं आणि हाडं शेतात पसरतात, आणि दोन-तीन हंगामांत टेकाड सपाट होतं. बेरेसफर्ड यांच्या पिढीने फावडं उचलण्याआधी आणि उचलल्यावरही परगण्यापरगण्याने उजाड गावांच्या याद्या केल्या. त्याला लागलं काय? जुन्या करवसुलीच्या याद्या, नकाशे, पायपीट. आपल्याकडे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशे आहेत, बेचिराख गावांची नावं आहेत, आणि पांढरी कुठल्या गटात येते हे सांगणारे म्हातारे अजून पारावर बसलेले आहेत.